कोरी काच

गुडघ्याच्या कूर्चेचा पातळ काप काचेवर ठेवायचा, त्यावर अँटिबॉडीचे दोन थेंब सोडायचे, तासभर वाट पाहायची आणि जे चिकटलं नाही ते धुऊन टाकायचं. ही अँटिबॉडी मोठी हट्टी. कोलेजन नाना प्रकारचं असतं, पण ती फक्त कूर्चेतल्या कोलेजनला ओळखते, बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. ते जिथे उरलं असेल, तिथे शेवटी तपकिरी रंग उमटतो.

आज उमटलेला रंग झिजलेल्या कडेकडे विरळ होत गेला होता. मला आई आठवली. तिचेही गुडघे असेच झिजले होते. उठून दाराशी येणं व्हायचं नाही, पण जिन्यावरच्या इतक्या पावलांतून माझं पाऊल तिला नेमकं कळायचं. बेल वाजवायच्या आधीच आतून हाक यायची, "आलास का रे? दार लोटलेलंच आहे."

"सर, कंट्रोल बघितलीत?" शेजारच्या टेबलावरून स्मिताने विचारलं.

दर वेळी एक काच आम्ही अँटिबॉडी न घालता ठेवतो. ती कोरीच राहायला हवी. तिच्यावरही रंग दिसला, तर सगळाच रंग खोटा.

"कोरी आहे," मी म्हणालो.

"मग झालं तर!"

आईला जाऊन वर्ष झालं. दाराला कुलूप असतं, किल्ली माझ्याच खिशात असते. तरी शेवटच्या चार पायऱ्या मी मुद्दाम पाय वाजवत चढतो, आणि कुलूप काढण्याआधी जरासा थांबतो.