भावोजींचं प्रागमधलं मुंब्रा

माझ्या भावोजींइतका कधीच एकटा न राहिलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. ठाण्याच्या कोळीवाड्यात नऊ भावंडांत त्यांचा सातवा नंबर. झोपताना कुणाचा तरी पाय पोटावर आणि कुणाचं तरी कोपर कानात, अशा थाटात त्यांचं बालपण गेलं. पुढे वागळे इस्टेटमध्ये पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस म्हणून लागले. तिथे एका पत्र्याखाली दोनशे माणसं. मग माझ्या थोरल्या बहिणीशी लग्न करून ते डोंबिवलीला राहायला गेले, तेही अशा इमारतीत की जिथे दिवसा दार लावलं तर शेजारी विचारायला यायचे, “काय हो, कुणाला बरं नाही का?” भावोजींना ती इमारत फार आवडायची.

“अरे, एकट्याने जाऊन काय करायचं?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पत्र पोस्टात टाकायला त्यांना सोबत लागायची. खोपटला एस.टी.चं रिझर्वेशन करायला ते कारखान्यातल्या दोघांना घेऊन जायचे आणि खिडकीवरचा माणूस तीन तिकिटं फाडायला निघाला की “नाही नाही, जाणार मी एकटाच नाही, बायकोपण आहे” असं काहीतरी गोंधळाचं सांगायचे. आंघोळीला गेले की ताईने न्हाणीघराच्या बाहेर बसून पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचायच्या. ती वाचायची थांबली की आतून आवाज यायचा, “अगं, आहेस ना?” ताई म्हणायची, “नाही, मघाशीच पळून गेले.” सोबतीला म्हणून मला तर त्यांनी कुठे कुठे नेलं असेल! एकदा दाताच्या डॉक्टरकडे नेलं. भावोजी खुर्चीत बसले तरी माझा हात सोडेनात. डॉक्टर शेवटी वैतागून म्हणाले, “आता आलेच आहात तर तुमचेही बघून टाकतो.” भावोजींच्या दाताला काही झालेलं नव्हतं. माझी अक्कलदाढ मात्र त्या दिवशी गेली, आणि परत येताना भावोजी मला रिक्षात समजावत होते की घाबरायचं काही कारण नव्हतं, मी होतो ना.

अशा माणसाने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पाठीवर सॅक टाकून एकट्याने परदेशी जायचं ठरवलं. त्याला कारण झालं ताईचं ऑपरेशन. ऑपरेशन साधंच होतं, पण सहा दिवस ती ठाण्याच्या हॉस्पिटलात होती. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. त्या सहा दिवसांत भावोजी आपल्या घरी एकदाही झोपले नाहीत. पहिले दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर काढले. तिथून सिस्टरने हाकलल्यावर शेजाऱ्यांकडे गादी घेऊन गेले. सातव्या दिवशी ताई घरी आली, तर स्वयंपाकघरातल्या डब्यांवर धूळ आणि कुंडीतली तुळस वाळून काडी झालेली. ती खुर्चीत टेकली आणि म्हणाली, “अहो, उद्या मी नसले तर तुमचं कसं होणार हो?”

तिने ते काही मनाला लावून घेण्यासारखं म्हटलं नव्हतं. बायका म्हणतात तसं म्हटलं होतं. भावोजी मात्र दोन दिवस गप्प होते, आणि हे गृहस्थ गप्प म्हणजे आम्हाला काळजीच वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, “मी दहा दिवस एकटा परदेशात राहून येतो. बघू तरी जमतं का.”

मी म्हटलं, “भावोजी, आधी लोणावळ्याला राहून बघा की!”

“लोणावळ्याला कुणीतरी ओळखीचं भेटतंच रे. आणि पंप काय रिकामा फिरवून तपासतात का? ट्रायल घ्यायची तर फुल लोडवर.”

शहर निवडलं प्राग. कारखान्यात एक जुनं मशीन होतं, त्याच्यावरच्या पितळी पट्टीवर त्या गावाचं नाव कोरलेलं होतं. वीस वर्षं रोज सकाळी तेवढंच वाचल्यामुळे भावोजींना ते गाव निम्मं ओळखीचं वाटायचं. कारखाना नुकताच बंद पडला होता, हातात थोडे पैसे होते आणि वेळच वेळ होता. ट्रेकिंगची सॅक माझी. ती भरली ताईने. तिने तीन स्वेटर, भडंगाची पिशवी आणि सुक्या जवळ्याच्या चटणीची मोठी बरणी घातली, आणि बजावलं, “महत्त्वाचे कागद सगळे सॅकमध्ये ठेवायचे. खिशात काही ठेवायचं नाही. खिसे कापतात तिकडे.” विमानतळावर मी सोडायला गेलो. दारापर्यंत ते धीराने चालले, मग वळून म्हणाले, “आतपण मी एकटाच जायचं?”

पुढचं सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे, आणि अजूनही ऐकतो. एकटं राहायचा सराव करायला गेलेला हा माणूस स्वस्त पडतं म्हणून एका हॉस्टेलच्या आठ खाटांच्या खोलीत उतरला. बाकीच्या सात खाटांवर देशोदेशींची पोरं घोरत होती. भावोजींना माहेरी आल्यासारखी झोप लागली. सकाळी उठून त्यांनी खुशीत चटणीची बरणी उघडली आणि सगळ्यांना आग्रह केला. जवळ्याचा तो सुक्या मासळीचा वास ज्यांनी लहानपणापासून घेतलेला नाही त्यांचं काय होतं, हे भावोजींच्या ध्यानात आलं नाही. दुपारपर्यंत सातही जणांनी खोल्या बदलल्या होत्या. “इतकी भारी चटणी होती रे,” ते अजून हळहळतात. बावन्न वर्षांत पहिल्यांदा ते एका खोलीत एकटे उरले, आणि तेही स्वतःच्या बायकोच्या चटणीपायी.

त्या दिवशी ते बाहेर पडले नाहीत. खिडकीशी बसून खालच्या ट्राम मोजत राहिले. भूक लागली तेव्हा भडंग खाल्लं. ताईला फोन करावा असं दहादा वाटलं, पण फोन केला असता तर रडू आलं असतं, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी हिंमत करून ते एका ट्रामस्टॉपपर्यंत गेले आणि परत आले. तिथल्या पाट्यांवरची नावं वाचायची म्हणजे जिभेची कसरत. अर्ध्या अक्षरांच्या डोक्यावर टोप्या. मग भावोजींनी त्यावर आपला तोडगा काढला आणि स्टॉपना आपल्या लोकलच्या स्टेशनांची नावं दिली. हॉस्टेलसमोरचा स्टॉप म्हणजे ठाणे. पुढचा कळवा, मग मुंब्रा, मग दिवा. चर्चचा तो डोंबिवली. बागेचा तो ठाकुर्ली आणि नदीकाठचा कल्याण. स्टॉपवर लावलेल्या नकाशावरून वहीत तसा नकाशा काढला, सुबक, तपासनिसाच्या अक्षरात. तिसऱ्या दिवशी ते ठाण्याहून ट्राममध्ये बसले आणि थेट कल्याणला उतरले. नदी पाहिली, पूल पाहिला, एका बाकावर बसून उरलेलं भडंग खाल्लं. त्यांना वाटलं, जमतंय की!

परत निघाले तर ट्राम बंद. रस्त्यात काहीतरी काम निघालेलं. लोक आपापल्या वाटेने पांगले. भावोजींनी एका पोलिसाला गाठलं, वही उघडून दाखवली आणि इंग्रजीत म्हणाले की मला ठाण्याला जायचंय. पोलिसाने वही उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. भावोजींनी समजावलं, “व्हाया मुंब्रा.” तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला एकाही स्टॉपचं खरं नाव माहीत नाही. हॉस्टेलचंही नाही. हॉस्टेलचं कार्ड कुठे होतं? ताईने सांगितल्याप्रमाणे सॅकमध्ये. आणि सॅक कुठे? ठाण्याला.

“इतकी माणसं आजूबाजूला रे,” ते सांगतात. “आणि एकालाही आपण कोण ते माहीत नाही. तिथे मेलो असतो तर कळवणार कुणाला?”

मग त्यांना रूळ दिसले. ट्राम बंद असली तरी रूळ काही कुठे गेले नव्हते. भावोजी रुळांच्या कडेने चालायला लागले. सुरुवातीला भीतीने ते मोठमोठ्याने बोलत होते. ताईला सांगत होते, ठाकुर्ली आली गं, हे बघ इथली कबुतरं पण आपल्यासारखीच आहेत, तुझा तो कागद सॅकमध्ये ठेवायचा सल्ला घाल चुलीत. डोंबिवलीला चर्चच्या पायरीवर बसून तिच्याशी चांगलं कडाकडा भांडूनही घेतलं. पुन्हा उठले, चालले. ऊन कलतं होतं, एका घराच्या खिडकीत कुणी बाई गालिचा झटकत होती. “आणि दिवा आल्यावर माझ्या लक्षात आलं,” भावोजी सांगतात आणि इथे त्यांचा आवाज दर वेळी खाली येतो, “की मी मघापासून गप्प आहे. कुणाशीच बोलत नाहीये. आणि मला काही होत नाहीये.” मुंब्रा, कळवा करत ते उजेड असतानाच हॉस्टेलवर पोचले. उरलेले सात दिवस ते रोज भटकले, चुकले, सापडले. आठ खाटांच्या त्या खोलीत एकटे झोपले. कारखान्याने वीस वर्षं ज्यांच्या सहीवर विश्वास ठेवला, त्या माणसाने स्वतःला तपासून पास केलं होतं.

विमानतळावर घ्यायला येऊ नको म्हणून त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. एकटेच डोंबिवलीला पोचले. मी ताईकडे येऊन बसलो होतो. ताईनेही ते दहा दिवस एकटीने काढले होते. शेजारीण सोबतीला येते म्हणाली तर तिने नको म्हटलं होतं. भावोजींनी सॅक उतरवली, पाणी प्यायले आणि शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या पोरासारखे तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, “जमेल गं मला. काळजी करू नको. तू नसलीस तरी जमेल.”

ताई “हो का? बरं झालं बाई,” म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भावोजी मला विचारायला लागले, “काय झालं रे? तिलाच हवं होतं ना?” त्या दिवशी जेवताना ती भावोजींशी एक अक्षर बोलली नाही. दोन दिवस रुसली होती. तिसऱ्या दिवशी भावोजी आंघोळीला गेले, तेव्हा ती न विचारता पेपर घेऊन बाहेर जाऊन बसली आणि वाचायला लागली. आतून ते ओरडले नाहीत की आता गरज नाही म्हणून. एवढं शहाणपण त्यांना होतं.

ताईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. भावोजी त्याच घरात एकटे राहतात. स्वतःचा स्वयंपाक करतात, बँकेत जातात, डॉक्टरकडे जातात, मला कुठेही सोबत चल म्हणत नाहीत. नाशिकची मुलगी बोलावून थकली. लोक कौतुक करतात, या वयात किती व्यवस्थित राहतात म्हणून. मीही करतो.

मागच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. निघताना मी सहज म्हटलं, “भावोजी, प्रागची ट्रायल कामाला आली म्हणायची.”

ते दारात उभे होते. म्हणाले, “ती ट्रायल चुकलीच होती रे. तिथे मी रुळांवरून चालत होतो ना, तेव्हा मला ठाऊक होतं की दहा दिवस संपले की ती घरी आहे.”

मी चपला घातल्या होत्या. त्या काढल्या आणि परत आत जाऊन बसलो.