रिंगखालचे साडेसहा इंच

बीडच्या सिमेंटच्या ग्राउंडवर माझा हात मनगटापर्यंत रिंगच्या आत गेला, बॉल जाळीतून खाली पडला आणि मी किंचाळलो. काहीतरी मोडलं असं वाटलं. माझं मोडलं की रिंगचं, तेच कळेना.

मी पाच फूट सात इंच. डंक, म्हणजे उडी मारून बॉल वरूनच रिंगमध्ये कोंबणं, हे माझ्या उंचीच्या माणसाचं कामच नाही, असं आमच्या पाटोद्यात सगळ्यांचं मला सांगून झालं होतं. आमचे सर तर रोज सांगायचे, "तू खो-खोला जा, तिथं नाव काढशील." मी ऐकणाऱ्यातला नव्हतो. पाच वर्षं रोज सकाळी उड्या मारत होतो आणि पाच वर्षं बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून माझ्याच तोंडावर परत येत होता. त्या दिवशी मॅचच्या आधी नुसतं अंग मोकळं करताना सवयीनं उडी मारली, तर हे.

सरांच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. ती काढून म्हणाले, "पुन्हा मार." मारली. पुन्हा गेला. तिसऱ्यांदाही गेला, तेव्हा मात्र मी बॉल खाली ठेवून दिला. एसटीत उभ्यानं प्रवास करून आलेला माणूस घरच्यापेक्षा अर्धा फूट उंच उडतो कसा?

"यांची रिंग बुटकी हाय सर," आमचा कॅप्टन म्हणाला. सरांनाही ते पटलं. त्यांनी तिथल्या शिपायाकडून शिडी आणि टेप मागून घेतला. रिंग भरली बरोब्बर दहा फूट, म्हणजे नियमाप्रमाणे. मॅच आम्ही सपाटून हरलो, कारण आमचा रिंगजवळचा प्रत्येक शॉट रिंगच्या वरून पलीकडे चालला होता. त्याचाही अर्थ तेव्हा कुणाला लागला नाही. परतीच्या बसमध्ये मी मनगटावर उठलेला लाल वळ बघत बसलो होतो, दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखा.

आमच्या रिंगच्या खांबावर सरांनी स्वतःच्या हातानं ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, '१० फूट'. ते वाचतच आम्ही मोठे झालो, त्यामुळे मोजायचं कधी कुणाला सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा टेप लावला. दहा फूट साडेसहा इंच. सरांनी टेप गुंडाळला, झटकला, पुन्हा लावला. तेवढंच. दोन पावलं मागं, जिथून आम्ही उडी घ्यायचो, तिथंही जमीन तितकीच खाली.

रिंग होती तिथंच होती. जमीन आम्ही नेली होती. आमचं ग्राउंड मुरमाचं, आणि सरांचा नियम असा की खेळायच्या आधी खराटा मारायचा. सुट्या मातीवर पाय घसरतो, म्हणून रिंगखालची माती रोज झाडून कडेला लोटायची. पावसाळ्यात तिथं तळं साचायचं, ते घमेल्यानं उपसायचं, चिखलासकट. बाहेरच्या टीम येऊन म्हणायच्या, "तुमची रिंग लई उंच वाटती," आणि आम्ही त्यांना हसायचो. इतकी वर्षं, इतक्या पोरांनी, इतक्या इमानानं झाडलं की साडेसहा इंच जमीनच झाडून टाकली. सर डोक्याला हात लावून हसायला लागले. मीही हसलो. मग दादा आठवला.

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि इंचभर उंच. डंकचं वेड मूळचं त्याचं. त्याच्या मागं मागं करत मी शिकलो. सर त्याला म्हणाले होते, डंक मारून दाखव, विभागाच्या निवडीला तुझं नाव धाडतो. त्याचा बॉल रिंगच्या कडेला अडायचा. मी बाजूला उभा राहून बघायचो. खाली आला की तो विचारायचा, "किती राह्यलं?" आणि मी दोन बोटं दाखवायचो. वर्षभर मी दोनच बोटं दाखवली. तीन वर्षांपूर्वी एक दिवस त्यानं बॉल माझ्याकडं फेकला. "आपल्या हाडातच उडी न्हाई बे," म्हणाला, आणि वडिलांच्या बियाण्याच्या दुकानात जाऊन बसला. तेव्हापासून कशाचंही नाव काढा, त्याचं एकच, "आपल्याच्यानं होत न्हाई." कॉलेजही त्यानं तसंच सोडलं.

आणि सगळ्यात जास्त खराटा मारला कुणी, तर त्यानंच. सर यायच्या आधी येऊन रिंगखालची जागा लख्ख करायचा. त्याला दोन बोटं कमी पडत होती आणि पायाखालून चांगली पंजाभर जमीन गेली होती. तो डंक मारतच होता, फक्त खड्ड्यातून. मला हे सहन होईना. कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी असं वाटत होतं, पण वाजवायची कुणाच्या?

"कशाला सांगतोस त्याला?" सर म्हणाले. दोन दिवस मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी दादानं बीडच्या डंकबद्दल माझ्यासाठी पेढे आणले. "तुझ्यात होतं रे. माझ्यातच नव्हतं," म्हणाला, तेही अगदी मनापासून. मी पेढा परत पुड्यात ठेवला. दुपारी दुकानात गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तो सोयाबीनच्या पिशव्या रचत होता. रचतच राहिला. मग थांबून म्हणाला, "किती म्हणलास?"

"साडेसहा इंच."

त्यानं काउंटरवर आधी दोन बोटं ठेवली, मग सगळा पंजा. "मला काहून सांगितलंस?"

मला रागच आला. "तू बरोबर होतास म्हणून!"

"तवा होतो," तो म्हणाला, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला पिशवी काढून दिली.

सरांनी ट्रॅक्टरभर मुरूम आणवला. आम्ही तो पसरला, पाणी मारलं, धुम्मस करून दाबला आणि टेप लावून रिंग दहा फुटांवर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. दुकानातलीच पँट, सुटलेलं पोट. चप्पल काढली, बॉल घेतला, धावत येऊन उडी मारली. बॉल जाळीला लागला. रिंग वीतभर वर राहिली. पुन्हा मारली, पुन्हा जाळी. पाचव्या उडीनंतर त्याला धाप लागली. त्यानं या वेळी किती राहिलं ते विचारलं नाही, आणि मी हात पाठीमागं धरून ठेवले होते. पोरं उगाच बुटांच्या नाड्या बांधत बसली.

तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि तळपायाचा मुरूम झटकायला लागला.

"बीडला झालं तवा कसं वाटलं रे?"

खोटं बोलवेना. "घाबरलो," मी म्हणालो.

त्यानं दुसऱ्या तळपायाचा मुरूम झटकला.

"मी न्हाई घाबरलो असतो," म्हणाला, आणि चप्पल घालून दुकान उघडायला गेला.