ठळक अक्षरातलं आपण म्हणायचं

कॅथीड्रलच्या पश्चिम दाराशी दर रविवारी एक बाई उभी असायची. हातात छापील कागदांचा गठ्ठा, पायात आवाज न करणारे बूट, चेहऱ्यावर समोरच्याविषयी आधीच ठरलेलं मत. येणाऱ्याला उपासनेचा कागद द्यायचा आणि जागा दाखवायची, एवढंच तिचं काम. कॅथीड्रलचे मुख्य धर्मगुरू, डीनसाहेब, त्याला स्वागत म्हणायचे. ती स्वागत करायची नाही. तपासायची.

गायकवृंदातल्या मुलींनी तिचं नाव शूबाई ठेवलं होतं. कोणी कुजबुजलं की खांबाआडून 'शूऽ' यायचं, म्हणून. लहान मूल घाईला आलं की जे म्हणतं, तो अर्थही मुलींनी धरलेलाच होता. शूबाईला ते ठाऊक होतं. "झगे घातले म्हणून माकडांची माणसं होत नाहीत," ती म्हणायची.

चौतीस वर्षं तिने जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत काढली. खिडकीला काच, काचेला हात जाईल एवढं भोक. त्या भोकातून तिने अख्खं गाव पाहिलं आणि तिचं त्याच्याविषयी काही बरं मत झालं नाही. ज्याचा बाप गेला तो बापाचं नाव लिहिताना चुकतो. ज्याला मूल झालं तो मुलाची तारीख विसरतो. ती फॉर्म परत सरकवायची. "अपुरा आहे." कोणी पेन मागितलं तर स्वतःचं पेन उचलून ड्रॉवरमध्ये ठेवायची. तिने लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर सांगायची, "अर्ज आले होते. अपुरे होते."

निवृत्तीबरोबर खिडकी गेली. मग हे दार मिळालं.

नवखा माणूस तिला पायरीवरच कळायचा. आत येतो, मान वर करतो, तोंड उघडं ठेवतो. मग बरोबरच्याशी कुजबुजतो, आणि ती कुजबूज छताला लागून सगळ्यांच्या डोक्यावर पडते. मग थेट गायकांच्या कोरीव आसनांकडे निघतो, कारण तिथे ऐसपैस दिसतं. तिथून उठवून बाकावर आणला, की गुडघ्यांसाठी ठेवलेली उशी पाठीला घेतो. एकाने ती डोक्याखाली घेतली होती. त्याला तिने अजून माफ केलं नव्हतं.

कागदावर सगळं दिलेलं असतं. ठळक अक्षरातलं आपण म्हणायचं. साध्या अक्षरातलं पुढे उभे असलेले धर्मगुरू म्हणतात. तिरप्या अक्षरातली नुसती सूचना. पहिलीतलं पोर समजेल. तरी दर रविवारी कोणीतरी मोठ्या भक्तिभावाने म्हणायचंच, "सर्वजण उभे राहतात." आणि बसून राहायचं.

शांतीच्या वेळी शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा, 'शांती असो' म्हणायचं, सोडायचा. एका विमा एजंटाने तेवढ्यात चार बाकांवर आपली कार्डं वाटली. प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाच्या प्याल्याला नुसते ओठ लावायचे असतात. एका बाईंनी अर्धा प्याला संपवला आणि वर "छान आहे" म्हणाल्या.

नेहमीच्या लोकांनाही ती फार वरचे गुण देत नसे. निम्मे लोक पुढच्याचं बघून उठायचे, पुढचे त्यांच्या पुढच्याचं. सगळ्यांत पुढे एक निवृत्त न्यायाधीश बसत. त्यांना कमी ऐकू यायचं. एकदा पायात गोळा आला म्हणून ते प्रवचनाच्या मध्येच उठले, तर तीनशे माणसं उठली. शूबाई एकटी बसून होती. तो दिवस तिला फार आवडला होता.

गुरुवारी दुपारी तिला फोन आला.

"ताई, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?" आवाज तिने ओळखला होता. धाकटा भाऊ. तिचं म्हणावं असं जगात तेवढं एकच माणूस, आणि ते सहा वर्षं तिच्याशी बोललं नव्हतं.

"रविवारी तुमच्याकडे तिचं नाव वाचणार आहेत. मी फॉर्म भरून दिला होता."

वर्षातून एकदा कॅथीड्रलमध्ये त्या वर्षात गेलेल्यांची नावं वाचत. भावजय मार्चमध्ये गेली होती. शूबाई दफनाला गेली नव्हती. बोलावणं नव्हतं, असं ती म्हणे.

"पुरा भरलास ना?"

"भरला."

"मग झालं तर."

"मी लहानपणानंतर चर्चची पायरी चढलेलो नाही. तिथे काय काय करतात ते सांग. उगाच तुझी मान खाली जायला नको."

सहा वर्षांनी भाऊ बोलत होता. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. शूबाईने पंधरा मिनिटं पुढचं सांगितलं. टोपी काढायची. क्रॉस घेऊन मिरवणूक येते तेव्हा उभं राहायचं, तिच्यामागे चालायला लागायचं नाही, लोक लागतात. गायक लॅटिनमध्ये गातात तेव्हा आपण गायचं नाही, आपल्याला लॅटिन येत नाही, आणि गाताही येत नाही. प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नसेल तर पुढे जाऊन हात छातीवर फुलीसारखे धरायचे, नुसता आशीर्वाद मिळतो. घ्यायची असेल तर तिथेच खायची. खिशात घालून घरी न्यायची नाही.

"आणि गाणं संपलं की टाळ्या..."

ती थांबली.

सहा वर्षांपूर्वी भावजय एकदाच आली होती. गायकवृंद त्या दिवशी खरोखर चांगला गायला. शेवटचा सूर विरला आणि भावजयीने टाळ्या वाजवल्या. एकटीने. कारखान्यातले हात, आवाज मोठा. शूबाई खांबाआडून बाहेर आली, सगळ्यांसमोर ओठांवर बोट ठेवून 'शूऽ' केलं, आणि उपासनेनंतर दारात म्हणाली, "सर्कशीला आलीस का?" भावजय हसली. परत कधी आली नाही. भाऊ मात्र तिथेच म्हणाला, "तिला आवडलं म्हणून तिने वाजवल्या. तुला आयुष्यात काही आवडलंय का, ताई?" त्यानंतर त्याचा फोन बंद.

"टाळ्या वाजवायच्या नाहीत," आता तो म्हणाला. "माहीत आहे." आणि फोन ठेवला.

शूबाईला हिशेब कळत होता. हा एकच रविवार. एकदा नाव वाचून झालं, की त्याला पुन्हा इकडे यायला कारण उरणार नव्हतं. तिच्या घरी तर नव्हतंच.

रविवारी तो अर्धा तास आधी, साडेनऊलाच आला. नव्या शर्टावर घड्यांच्या रेघा तशाच.

"ताई."

"टोपी."

त्याने टोपी काढली. शूबाईने कागदांचा गठ्ठा जवळच उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या औषधवाल्याच्या हातात कोंबला आणि भावाच्या शेजारी जाऊन बसली. दार तिने असं कधीच सोडलं नव्हतं. औषधवाला घाबरून प्रत्येकाला दोन दोन कागद देऊ लागला.

भाऊ नीट वागला. उठायचं तिथे उठला, बसायचं तिथे बसला, ठळक अक्षरातलं बोट ठेवून वाचलं. तिने कोपराने त्याला दोनदाच ढोसलं. गायक गायले तेव्हा त्याने हात मांडीखाली दाबून ठेवले. ते तिने पाहिलं आणि नजर कागदात घातली.

मग डीनसाहेब नावं वाचू लागले. एक नाव, थोडी शांतता, पुढचं नाव. छताखाली प्रत्येक नाव जरा वेळ राहायचं. लोक माना खाली घालून होते. भावजयीचं नाव आलं.

भाऊ ताडकन उठला.

"हजर!"

आवाज त्याचा नव्हता. बारीक, नाकातला, बाईचा काढलेला आवाज.

नवरा-बायको दोघं बाटल्यांच्या कारखान्यात होते. सकाळी सहाला फाटकात सुपरवायझर हजेरी घ्यायचा. भावजयीला वेणी आणि बस एकाच वेळी कधी साधली नाही. ती रोज धावत यायची, दहा मिनिटं उशिरा. तोवर तिच्या नावाला भाऊच असा आवाज काढून ओ द्यायचा. सुपरवायझरला ठाऊक होतं. तो वर न बघता खूण करायचा. एकोणीस वर्षं हे चाललं.

तोंडातून शब्द गेला तेव्हा भाऊ त्या फाटकात उभा होता. मग तो इथे परत आला. त्याचे कान लाल झाले. मागे कोणीतरी खुदकन हसलं. डीनसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. विद्वान माणूस, प्रार्थनांवर चार पुस्तकं लिहिलेला. पण हे ठळक अक्षरात नव्हतं, साध्यात नव्हतं, तिरप्यातही नव्हतं. त्यांनी नावांचा कागद उलटून मागची बाजू पाहिली.

भावाने बहिणीकडे पाहिलं. तिचं बोट ओठांपर्यंत गेलेलं होतं.

शूबाई उठली. काचेच्या भोकातून चौतीस वर्षं जसं पाहिलं तसं तिने डीनसाहेबांकडे पाहिलं.

"झाली नोंद," ती म्हणाली. "पुढचं नाव वाचा."

डीनसाहेबांनी मुकाट्याने पुढचं नाव वाचलं.

पाचव्या बाकावर एक म्हातारा होता, पहिल्यांदाच आलेला. त्याने हे सगळं नीट पाहून ठेवलं होतं. इथली पद्धत अशी दिसते, असं त्याने धरलं. तो काठी टेकत उठला. "हजर." पुढच्या नावाला एक बाई उठली. तिच्या मागच्याने तिचं पाहिलं. चौथ्या-पाचव्या नावापर्यंत नेहमीचे लोकही उठू लागले होते.

"काय करून ठेवलंस हे," शूबाई बसता बसता दातांतून म्हणाली. "आता दरवर्षी असंच करतील. मेली मेंढरं."

भावाचे खांदे हलत होते. हसत होता की दुसरं काही, ते तिने पाहिलं नाही.

बाहेर डीनसाहेब तिला गाठायला आले. काहीतरी सुंदर बोलायचं होतं, चेहऱ्यावरूनच दिसत होतं. "मागे काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "माइक दुरुस्त करा." ते कॉफीकडे वळले.

भाऊ पायऱ्यांवर उभा होता.

"जेवायला येतोस?" तिने विचारलं. खिडकीत उशिराचं कारण विचारायची तसं.

"आज नको."

"बरं."

तो टोपी हातात फिरवत राहिला. "ती तुझी नक्कल करायची," तो म्हणाला. "कुकरची शिट्टी झाली की त्याच्याकडे बोट करून, शूऽ. रोज. आम्ही पोट धरून हसायचो."

"जमायची?"

"अगदी हुबेहूब."

शूबाईने मान हलवली. त्या बाईने एक गोष्ट तरी नीट केली होती.

"दर रविवारी किती वाजता असतं हे?" भावाने विचारलं.

"दारावर बोर्ड आहे. वाचता येतं ना?"

त्याने वाचलं. "आठ, दहा आणि साडेतीन. यातलं कुठलं?"

"आठला गाणी नसतात, तू घोरशील. साडेतीनला सगळं गायकच गातात, तू कंटाळशील. दहाला ये. पावणेदहालाच ये. उशीर केलास तर आत सोडणार नाही मी."

"उशीर मला नाही व्हायचा," भाऊ म्हणाला. "तिला व्हायचा."

शूबाईने रस्त्याकडे पाहिलं. "बस आली तुझी," ती म्हणाली. "पळ."