चाचांच्या मुठीतला खजूर

वागळे इस्टेटमध्ये माझ्या शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग करणारे चाचा रोजा सोडायच्या वेळी खजूर मुठीत धरून अजानची वाट पाहतात.

एका रमजानमध्ये रोजा सुटायला तासभर असताना धुळीचं वादळ आलं. पत्रे उडाले, वीज गेली, काळोख झाला. तेवढ्यात अजान ऐकू आली. सूर्य मावळला समजून मी घाबऱ्याघाबऱ्या रोजा सोडला.

थोड्या वेळाने लख्ख ऊन पडलं. चाचांचा खजूर तसाच होता.

"चाचा, अजान ऐकली नाही तुम्ही?"

"ऐकली ना, भाई. पण आवाज माझ्या अब्बांचा होता. त्यांना तर मीच दफन केलंय."

तो रोजा मी नंतर भरून काढला, तरी मन स्वच्छ झालं नाही. आता अजान झाली की मी आधी चाचांच्या हाताकडे बघतो.

काल अजान संपली, तरी त्यांनी मूठ उघडली नाही.