चिंचेने घासलेली नाणी

आज तांब्याला चिंच लावली आणि त्या आंबट वासासरशी बुवापाड्यातलं सासरचं घर आठवलं. लग्न होऊन महिनाच झाला होता. सासऱ्यांनी जमवलेली काळवंडलेली नाणी मी हौसेने चिंच-मिठाने घासून लख्ख केली.

उल्हासनगरहून आलेले त्यांचे सिंधी मित्र ती बघून हळहळले, "अरे, बहू ने ये क्या किया! पुराना सिक्का कभी धोते नहीं, कीमत चली जाती है."

मी रडकुंडीला आले. सासरे मात्र एक नाणं उजेडात धरून बघत राहिले. "असू दे गं. राजाचा चेहरा आज पहिल्यांदा नीट दिसला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाण्यांचा सगळा डबाच माझ्या हातात दिला आणि पुन्हा कधी मागितला नाही. ते कौतुक होतं की राग, मला अजून उमगत नाही.