पुलापर्यंतची चक्कर

सत्तारचाचांकडे सायकल दुरुस्तीला टाकली की ती झटकन हातात मिळेल, अशी आशा अकोल्याच्या जुन्या शहरात कुणीच बाळगत नसे. पंक्चर असो, चेन असो, नाहीतर नुसती घंटी बसवायची असो. काम संपलं की चाचा दोरीवरच्या कपड्यांचा एक लाकडी चिमटा पायजम्याच्या उजव्या पायाला लावत, गिऱ्हाइकाच्याच सायकलवर टांग मारत आणि मोर्णा नदीच्या पुलापर्यंत जाऊन येत. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर चरफडत बसे. परत आले की चाचा चिमटा काढून खिशात टाकत आणि म्हणत, "आता घेऊन जा. बराबर बोलून रायली."

सायकल बोलते, हे त्यांचं ठाम मत होतं. "उभ्या असल्या का साऱ्याच चांगल्या दिसतेत. चालवल्याबिगर कसं मालूम पडन?" एकदा एक पोस्टमन घाईत होता. तो म्हणाला, "चाचा, मला उशीर होऊन राहिला, चक्कर राहू द्या." चाचांनी त्याला पिशवीसकट मागे कॅरियरवर बसवलं आणि पुलापर्यंत नेऊन आणलं. "वजनासंगंबी तपासून झाली," असं वर त्यालाच ऐकवलं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजेश्वराच्या कावडी निघत, रस्ते माणसांनी भरून जात आणि पुलापर्यंत सायकल नेणं अशक्य होई. त्या दिवशी चाचा साधं पंक्चरही घेत नसत. "चक्कर माराले जागा नाही तं काम कशाले घ्याचं?" असा त्यांचा सवाल असे. मग दिवसभर पायरीवर बसून कावडी बघत.

अजान झाली की हातातलं काम तसंच थांबे. पाने, पकडी एका गोणपाटाखाली झाकून चाचा मशिदीकडे निघत. उलटी टाकलेली सायकल चाकं वर करून तशीच पडून राही. कुणी कुरकुर केली तर ठरलेलं उत्तर मिळे, "नमाज अन् पंक्चर, घाई केली का दोघातलीबी हवा निंघून जाते." आमची आई या वाक्यावर इतकी खूश होती की पूजा उरकायची घाई झाली की ते स्वतःलाच ऐकवायची.

गल्लीतल्या बहुतेक पोरींना सायकल चाचांनीच शिकवली. माझ्या मोठ्या भावाला वडिलांनी शिकवली होती. म्हणजे धरलंय, धरलंय असं म्हणत मधेच गुपचूप सोडून दिलं आणि तो नालीत गेल्यावर सगळ्यांनी हसून घेतलं. सायकल अशीच शिकवतात, असं सगळे मानत होते. चाचांना ते अजिबात मान्य नव्हतं. ते मागून कॅरियर धरून धावत आणि दर फेरीला विचारत, "सोडू?" आपण "सोडा" म्हटल्याशिवाय त्यांचा हात निघत नसे, आणि निघाला की ते मोठ्यांदा सांगत, "सोडलं!" वडिलांना ते एकदा म्हणाले होते, "भाऊ, न सांगता सोडनं म्हंजे धोका झाला. पोरगी पडन तं पडन. पन मालूम असून पडा लागते."

मी नऊ वर्षांची होते. आठ दिवस मी "नाही, नाही" ओरडत राहिले आणि चाचा शाळेच्या मैदानावर माझ्यामागे धावत राहिले. रमजान सुरू होता. त्यांचे ओठ सुकलेले बघून मी माझी पाण्याची बाटली पुढे केली. ते म्हणाले, "ठेव बेटी तशीच. रोजा सुटला का पेतो." मला वाटलं, लहान पोरीची समजूत काढली. पण दिवेलागणीला चाचा खरंच आमच्या दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "बेटीनं पानी ठेवलं हाय माह्यासाठी, तेवढं द्या." दुसऱ्या दिवशी मी "सोडा" म्हटलं. त्यांनी "सोडलं!" म्हणून आवाज दिला. मी कडुनिंबापर्यंत गेले आणि आडवी झाले. चाचा धापा टाकत आले आणि टाळी वाजवून म्हणाले, "शिकली!"

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन अमरावतीला गेले, आणि कधी पन्नाशीजवळ आले ते कळलं नाही. गेली काही वर्षं माझा आठवडा असा आहे: पाच दिवस शाळा आणि सासूबाईंची औषधं, शनिवारी दुपारी अकोल्याची एसटी, कारण आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला कुणीतरी लागतं. भाऊ नागपूरला असतो आणि फोनवर फार चांगला बोलतो. रविवारी परत. या सगळ्यात माझा म्हणावा असा एकच तास उरला, धावण्याचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मी एकदा चालता चालता धावले आणि तेवढा वेळ मला कुणाचंही काही आठवलं नाही. तेव्हापासून मी धावते. शनिवारी ते त्याच जुन्या मैदानावर. आई खाटेवरून विचारते, "काहून पळतं वं अशी? कोन लागलं तुह्या मांगं?"

चाचांनाही माझं धावणं चमत्कारिक वाटे. "सायकल असून मानूस पायानं काहून पळते?" मग स्वतःशीच हसून म्हणत, "मीबी लय पळलो. साऱ्या गल्लीतल्या पोरीच्या मांगं पळलो. पन मांगंच पळलो. पुढं पळाची मजा अलग असन."

एका गुरुवारी शाळेत असताना आईचा फोन आला. चाचा एका गिऱ्हाइकाची सायकल घेऊन चक्कर मारायला गेले ते दोन तास परत आले नाहीत. मुलगा जावेद शोधत फिरत होता. चाचा सापडले ते आमच्या दारात. "तुही सायकल समजून घेऊन आला वं तो," आई सांगत होती, "म्हने वर्षाले बोलवा, शाळेची येळ झाली. मी म्हटलं, भाऊ, वर्षा आता मास्तरीन हाय अमरावतीले. तं खालीच बसला बाप्पा." मला शिपायाने तासाची आठवण करून दिली आणि मी वर्गावर गेले.

जावेदने दुकान बंद केलं. चाचांचं विसरणं वाढत गेलं. घरात सगळ्यात जास्त त्रास नमाजेचा होई. पढून झाली की थोड्या वेळाने विचारत, "पढलो का मी?" आणि कुणी हो म्हटलं तरी विश्वास न बसून पुन्हा वजूला, नमाजेआधी हातपाय धुवायला, जात. ओल्या मोरीत पाय घसरायची भीती. सून शबाना दिवसभर घरी शिवणकाम करते, ती मशीन सोडून दर वेळी उठे. मौलवींनी सांगितलं होतं, राहू द्या, जास्तीची झाली तर बिघडत नाही. मौलवींना काय, उठावं शबानाला लागे. ती कधी चिडली नाही, असं मी लिहिणार नाही. चिडायची, मग मशीनवर डोकं टेकवून बसायची. मला ते फार ओळखीचं वाटे.

चाचांची स्वतःची सायकल मात्र दारात होती. तिच्यावर बसून ते एका भर दुपारी बाळापूर नाक्याकडे गेले आणि पडले. भुवईला टाके पडले. त्या शनिवारी जावेद आमच्या घरी आला आणि उभ्यानेच बोलला, "ताई, तुमचं ऐकते अब्बा. तुमी घेऊन जा ती सायकल. माह्याच्यानं नाही होत."

कुलूप लावावं, खरं सांगावं, रडू द्यावं त्यांना, असं मला सुचलं नाही असं नाही. पण मी थकले होते, जावेदही थकला होता, आणि खरं सांगायला जी ताकद लागते ती त्या दिवशी आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. मी चाचांना म्हणाले, "चाचा, माह्या पोरीले शिकाची हाय. थोडे दिवस देता का?" माझी पोरगी तेव्हा पुण्यात शिकत होती आणि स्कूटी चालवत होती. चाचांचा चेहरा उजळला. त्यांनी चेनला तेल दिलं, ब्रेक आवळले, चाकाचा आउट काढून ते सरळ केलं, चिमटा लावून गल्लीतच एक चक्कर मारली आणि सायकल माझ्या हातात दिली. मी ती आईच्या मागच्या पडवीत नेऊन जुन्या चादरीखाली ठेवली.

मग दर शनिवारी मला उत्तरं द्यावी लागली. बाकी सगळं विसरणारे चाचा हे विसरत नव्हते.

"शिकली का पोरगी?"

"शिकून रायली."

"सांगून सोडतं ना तिले?"

"हो चाचा."

"पडली का?"

"नाही."

"मंग नाही शिकली." आणि लगेच, "मी येऊ का शिकवाले?"

असे सात शनिवार गेले. शबानाने सांगितलं, चाचा पहाटेची, फजरची नमाज झाली की पायजम्याला चिमटा लावून दारात बसतात आणि दुपारी जेवायला बोलावलं की काढतात. बोलणं कमी झालंय. जेवणही. मी मैदानावर धावायला गेले की तो चिमटा डोळ्यांसमोर येई. माझा एकुलता एक तासही त्यापायी गेला. आठव्या शनिवारी मी एसटीतून उतरले, पिशवी आईकडे टाकली, चादर काढली आणि सायकल चालवत चाचांच्या दारात नेली.

"चाचा, मी खोटं बोलली. पोरगी पुन्याले हाय. मी सायकल घरातच ठेवली होती."

चाचांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते वाकून टायर बघत होते. बोटाने खाच घासली, वास घेतल्यासारखं केलं. "धूळ हाय, माती नाही," ते म्हणाले. "आता गल्लीतून आली तेवढीच चालली ही." मग पॅडल हाताने उलटं फिरवत बसले. मला वाटलं, विसरले. तेवढ्यात म्हणाले, "बेटी, तुनं मले न सांगता सोडलं."

मी शबानाकडे पाहिलं. तिने मशीनवरचा हात काढला आणि म्हणाली, "ले जाओ बाजी. मैं जावेदको बोल दूंगी." मी चाचांना घेऊन मैदानावर गेले.

त्यांना टांग मारायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. मी दोन्ही हातांनी कॅरियर धरलं आणि धावायला लागले. सत्तरी उलटलेला माणूस असा हलका असेल, असं वाटलं नव्हतं. पहिली फेरी डगमगत गेली. दुसऱ्या फेरीला पाठ सरळ झाली, पॅडल एका लयीत फिरू लागलं आणि चाचा घंटी वाजवू लागले. मैदानावर आमच्याशिवाय दोन बकऱ्या होत्या, त्यांच्यासाठी. मला दम लागला होता, गुडघा दुखत होता आणि कितीतरी वर्षांत झाला नव्हता इतका आनंद झाला होता. मागं पळण्याचीही मजा असते, हे चाचांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "सोड."

"चाचा, पडसान."

"पडीन तं पडीन. मालूम असून पडीन. सोड."

नियम त्यांचाच होता. मी हात काढले आणि ओरडले, "सोडलं!" मग हात पुढे धरून नुसतीच बाजूने धावत राहिले. चाचांनी अख्खी फेरी मारली. कडुनिंबापाशी आल्यावर स्वतः ब्रेक दाबला, एक पाय टेकवला आणि हळूच उतरले. तेवढ्यात दुपार कलतानाची अजान झाली.

"असरची का ही?"

"हो."

"पढलो का मी?"

घरी सगळे या प्रश्नाला हो म्हणत. मी म्हणाले, "अजून नाही चाचा."

त्यांनी मान हलवली. वाकून पायजम्याचा चिमटा काढला आणि खिशात न टाकता सायकलच्या हँडलला लावला. "ने आता. पुलापर्यंत तूच जात जाय. कोनी इचारलं तं सांगजो, चाचानं खुद दिली. कोनी घेतली नाही." आणि माझा हात धरून मशिदीकडे चालू लागले. त्यानंतर त्यांनी सायकलबद्दल एकदाही विचारलं नाही.

थंडीत चाचा गेले. मी पोचले तेव्हा मय्यत कबरस्तानाकडे निघून गेली होती. आईकडे ठेवलेली सायकल चालवत आले होते, ती दाराशी टेकवून मी आत बायकांमध्ये जाऊन बसले. खामगावहून आलेली त्यांची बहीण रडत रडत म्हणत होती, "सायकल काढून घेतली ना घरच्यानं, तवाच खचला माहा भाऊ." शबाना खाली बघत होती. मी म्हणाले, "काढून नाही घेतली फुफी. चाचानं खुद दिली. माह्या हातात दिली."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि जरा शांत झाली. मी सांगितलं ते खरंच होतं. त्याच्या आधीचे सात शनिवार मी सांगितले नाहीत. ते मला माहीत होते, शबानाला माहीत होते, आणि बाहेर दाराशी उभ्या असलेल्या त्या सायकलला.