पाहिलं, ऐकलं, वाटलं

बिराजदार बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. फोन उदगीरहून होता, त्यांच्या भाचीचा, सुनंदाचा. "ताई, मावशी गेल्या," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला कुणी सांगितलं?" विचारलं आणि माझी मलाच लाज वाटली. सुनंदा म्हणाली, "सांगायचं कुणी, ताई? माझ्याच हातात हात होता त्यांचा." मी पिठानं भरलेले हात तसेच धरून उन्हात बसून राहिले. असा प्रश्न आधी विचारायची खोड मला ज्यांनी लावली, त्यांच्याच मरणाच्या बातमीला मी तो विचारला होता. बाईंना कळलं असतं तर त्या रागावल्या नसत्या, हे मात्र मी खात्रीनं सांगू शकते... निदान मला तसं वाटतं.

महानंदा बिराजदार आमच्या गावच्या शाळेत आल्या तेव्हा मी चौथीत होते. आमचं गाव शिरूर अनंतपाळपासून पायी तासाभराचं. तेव्हा शिरूर तालुका नव्हता आणि लातूर जिल्हाही नव्हता. आम्ही उस्मानाबादचे म्हणवून घ्यायचो आणि उस्मानाबाद कुणी पाहिलेलं नसायचं. बाई उदगीरच्या, लिंगायत, कापड दुकानदाराची लेक. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि पदर असा खोचलेला की जणू भांडायलाच निघाल्यात. वय विशीच्या आसपास. घरी त्या आईला अव्वा म्हणत, आणि चिडल्या की दोन-चार शब्द कानडी बोलत, ते आम्हाला कळत नसत म्हणून आम्ही अधिकच घाबरत असू. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर तीन रकाने आखले आणि वर लिहिलं : पाहिलं, ऐकलं, वाटलं. रोज सकाळी प्रत्येकानं एक वाक्य सांगायचं आणि ते कुठल्या रकान्यात घालायचं तेही सांगायचं. "आमची म्हैस लई गुणाची हाय," असं गोविंद म्हणाला की बाई विचारत, "गुण पाहिलास का म्हशीचा? किती दूध देते ते सांग. गुणाची हे तुला वाटतं." गोविंद रुसायचा. आम्हाला तो खेळच होता.

तो बहात्तरचा दुष्काळ होता. नदीतली वाळू उपसली तरी ओल लागत नव्हती. शाळेत सरकारी सुकडीचं पीठ खायला मिळायचं, म्हणून शाळेत न येणारी पोरंही येऊ लागली होती. माळावर तलावाचं सरकारी काम निघालं होतं आणि त्या कामावर किनवटकडून आलेली लमाणांची पाच-सहा कुटुंबं पालं ठोकून राहिली होती. सगळ्या गावाला पिण्याचं पाणी होतं एकाच विहिरीत, ती आमच्या शेतातली. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, त्यांनी ती कुणालाही बंद केली नव्हती. लमाणांच्या बायाही तिथूनच पाणी नेत.

एका सकाळी पाण्याला वास येऊ लागला. दुपारपर्यंत गावातली बरीच लेकरं जुलाबानं आडवी झाली. संध्याकाळपर्यंत गावाला कारण सापडलं : लमाणांनी विहिरीत काहीतरी टाकलं. सोमली नावाची त्यांच्यातली एक बाई पहाटे विहिरीवर होती म्हणे, हातात गाठोडं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी तर गाठोड्यात काय होतं तेही लोक सांगू लागले. माणसं माळावर गेली, सोमलीचं पाल ओढून पाडलं, आणि उद्या इथं दिसायचं न्हाई म्हणून बजावून आली.

त्याच दिवशी बाईंनी आम्हाला चिठोरी वाटली. "घरी जा. विहिरीचं जे काही कळलंय ते घरच्यांना विचारा. आणि कुठल्या रकान्यातलं ते लिहून आणा. दुसऱ्याचं बघून लिहायचं न्हाई." दुसऱ्या सकाळी बाई एकेक चिठोरं वाचू लागल्या. गोविंदच्या आईनं ऐकलं होतं शेजारणीकडून, शेजारणीच्या पोरानं लिहिलं होतं की त्याच्या आईनं ऐकलं पाणवठ्यावर... सगळा वर्ग ऐकलंच्या रकान्यात जाऊन बसला. पाहिलंचा रकाना कोरा. मग माझं चिठोरं आलं. बाईंनी ते मनात वाचलं, घडी घातली आणि पदराला बांधलं. मोठ्यानं वाचलं नाही.

मी लिहिलं होतं, 'दादांनी विहिरीतून मेलेलं कुत्रं काढलं आणि गोठ्यामागं पुरलं. मी पाहिलं.' खरंच पाहिलं होतं. पाण्याला वास आला त्याच दिवशी पहाटे परसाकडं निघाले तेव्हा दादा दोर ओढत होते. मी दिसले तसे म्हणाले, "जा घरात." एवढंच. त्यात काही लपवायचं असतं हे मला कळलं नव्हतं. मी फक्त बाईंचा रकाना भरला होता.

दुपारी बाई आमच्या घरी आल्या. दादा ओसरीवर बसले होते. बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "माधवराव, लमाणांनी विहिरीत टाकलं ते तुम्ही पाहिलं का?"

"समदं गाव म्हणून राहिलंय."

"गावाचं राहू द्या. तुम्ही?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "पोरगी काय म्हणली तुमाला?"

"ती काही म्हणली न्हाई. तिनं लिहिलंय." बाईंनी पदराची गाठ सोडून चिठोरं त्यांच्या हातात दिलं. दादांना अक्षर अक्षर लावून वाचता यायचं. ते वाचून होईपर्यंत मला किती तरी वेळ गेल्यासारखा वाटला.

मग दादा म्हणाले, "कुत्रं पडलं म्हणून सांगितलं असतं तर गाव म्हणलं असतं, इहीर उपसा. उपसली असती आन् झरा नसता आला, तर पेलं काय असतं गावानं? लमाणांचं नाव म्या घेतलं न्हाई, बाई. दुसऱ्यानं घेतलं."

"आणि तुम्ही?"

"म्या... असंल म्हणलं."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "उपशाचं तुमचं म्हणणं मला पटतंय. पण सोमलीची दोन लेकरंही तेच पाणी पिऊन आडवी पडलीत. मी सकाळी माळावर जाऊन आले. पाल मोडून ते लोक तशाच लेकरांना घेऊन निघून गेले. हे तुम्हाला ठाऊक होतं का?" दादांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं. "मी कुणाला सांगणार न्हाई," बाई उठत म्हणाल्या. "सांगायचं तर तुम्हीच."

दादांनी सांगितलं. संध्याकाळी पारावर उभं राहून सांगितलं. लोक वाट्टेल ते बोलले. कुणी तरी त्यांच्यावर चप्पलही उगारली. आरोग्याच्या माणसांनी येऊन विहिरीत पावडर टाकली, आणि गाव तेच पाणी पीत राहिलं, कारण दुसरं नव्हतंच. आईनं मला रागानं विचारलं, "बापाचं नाव मांडाया धाडलं व्हतं का तुला साळंत?" दादा तर माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

पण पारावर सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते बाईंना घेऊन लमाणांच्या शोधात निघाले. मी मागं मागं. पुढच्या गावच्या कामावर ते लोक सापडले. सोमली खडी फोडत होती, लेकरं कडेला झोळीत निजलेली, बरी होती. दादांनी पटका काढून हातात घेतला आणि सगळं सांगितलं. सोमलीनं हातोडा थांबवला नाही. म्हणाली, "आमी काय टाकलं न्हाई, ते आमाला ठाऊकच हाय. आमाला काय सांगता? तुमच्या गावाला सांगा." सोमवारी बाईंनी वर्गात फळ्यावर लिहिलं, 'खरं सांगितल्यावर सोमलीला बरं वाटेल.' आणि म्हणाल्या, "हे माझं वाक्य. वाटलंच्या रकान्यात घाला. मला वाटलं होतं, तसं झालं न्हाई."

बारावी झाल्यावर माझ्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा दादाच आडवे आले. बाई तोवर उदगीरला मुलींच्या शाळेत बदलून गेल्या होत्या. "इमल उदगीरला जाईल. डीएड करंल. बिराजदार बाईकडं राहील," दादांनी जाहीर केलं. आई म्हणाली, "त्या बाईकडं? तिनं तुमची अब्रू काढली की!" दादा म्हणाले, "काढली न्हाई. म्या टाकली व्हती, तिनं उचलून हातात दिली." दादा असं एरवी बोलत नसत. मी ते दाराआडून ऐकलं, म्हणून ऐकलंच्या रकान्यात घालते.

बाईंच्या घरी मी दोन वर्षं राहिले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, आणि लोक सांगत ते इथं लिहीत नाही. स्वयंपाक बरा करायच्या, पण आमटी तिखटजाळ. घोरायच्या, आणि घोरत नाही म्हणून भांडायच्या. त्याच दिवसांत लातूर जिल्हा झाल्याची बातमी आली. लातूरला गुलाल उधळला गेला आणि उदगीरच्या पेठेत माणसं तोंड पाडून बसली, कारण व्हायचा तर उदगीरच जिल्हा, असं तिथल्या प्रत्येकाला वाटत आलेलं. त्या दिवशी माझा सरावपाठ बाईंच्याच वर्गावर होता, मी मागच्या बाकावर बसले होते. बाई तणतणत आल्या आणि फळ्यावर पाहिलंच्या खाली दोन वाक्यं लिहिली : 'लातूर जिल्हा झाला.' 'उदगीरवर अन्याय झाला.'

लातूरहून बदलून आलेल्या कंपाउंडरची रझिया नावाची मुलगी त्या वर्गात होती. ती उभी राहिली. "बाई, ते दुसरं वाक्य वाटलंमधी पायजे ना?"

"का? तुझं गाव लातूर म्हणून?" बाई कडाडल्या. "बस खाली!"

रझिया बसली. मानच वर करेना. मी बाईंना वर्गात कुणाला असं बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर त्या ताट समोर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मी गप्प. खरं तर मला बोलायला हवं होतं. पण मी त्यांच्या घरात राहत होते, त्यांचं अन्न खात होते... दहा वर्षांपूर्वीचे दादा मला त्या दिवशी समजले.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात गेल्या, रझियाच्या बाकाजवळ उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काल मी तुला बसवलं. तुझ्या गावावरून बोलले. माझं चुकलं." मग फळ्यावर 'उदगीरवर अन्याय झाला' हे वाटलंच्या रकान्यात लिहिलं आणि खाली सही केली, महानंदा बिराजदार, उदगीरकर. "माझ्या अव्वाची चूल उदगीरची," त्या म्हणाल्या. "माझा तराजू तिकडं कलणारच. कलू दे. पण कललाय हे मला ठाऊक पाहिजे, आणि तुम्हाला पण. माझ्याकडून काही घेताना तेवढं वजा करून घेत जा." एक पोरगी म्हणाली, "बाई, पण अन्याय झालाच की!" बाई हसल्या. "मलापण तसंच वाटतं गं. आता कारणं सांग, मग बघू."

मला नोकरी लागली नांदेड जिल्ह्यात, इस्लापूरच्या अलीकडच्या एका वाडीवर. लांबून सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज यायचा आणि वर्गात मात्र एकही पोर तोंड उघडायचं नाही. महिनाभरात मी बाईंना रडकं पत्र लिहिलं, इथली मुलं मठ्ठ आहेत. उत्तराचं कार्ड आलं, त्यात एकच ओळ : 'मुलं मठ्ठ आहेत, हे कुठल्या रकान्यातलं?' मला त्यांचा राग आला. चार दिवस मी ते कार्ड उलटं ठेवलं होतं. मग एक दिवस शाळा सुटल्यावर मी पोरांच्या मागं त्यांच्या घरापर्यंत गेले आणि पाहिलं, की तिथं मराठी कुणी बोलतच नव्हतं. घरची बोली निराळी, आणि त्या बोलीत हीच पोरं इतकी भांडत होती, इतक्या गोष्टी सांगत होती, की मी तोंडात बोट घालून उभी. पुढं मी त्यांच्याकडूनच ती बोली मोडकी-तोडकी शिकले. नंतर नायगावला आले, तिथूनच निवृत्त झाले. चांगली शिक्षिका होते की नाही, ते माझ्या विद्यार्थ्यांनी ठरवावं.

तेराव्यानंतर उदगीरला शोकसभा झाली. एकेक जण उठून बाई किती शांत होत्या, कधी कुणावर रागावल्या नाहीत, असं सांगत होता. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी लातूर जिल्हा झाला त्या दिवशीची गोष्ट सांगितली. रागावल्या होत्या, म्हटलं, मी पाहिलंय. आणि दुसऱ्या दिवशी काय केलं तेही पाहिलंय. पुढच्या रांगेतल्या काही लोकांना ते रुचलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, असं एक जण मला खाली आल्यावर म्हणालाही. असेल त्यांचं बरोबर.

सभेनंतर सुनंदानं मला बाईंच्या खोलीत नेलं. शेवटची काही वर्षं त्यांना दूरचं दिसत नव्हतं, पण जवळचं वाचता यायचं, आणि त्या दोन पेपर घेत, एक त्यांच्या मताचा आणि एक बरोबर उलट्या मताचा. वाचायला आधी न पटणारा घ्यायचा. "मन ताजं असतं तेव्हाच त्याचं ऐकून घ्यावं," असं म्हणायच्या, सुनंदा सांगत होती. खिडकीपाशी लाकडी स्टूल होतं, त्यावर त्या गेल्यापासूनचे पेपर घडीसुद्धा न मोडता रचलेले. सगळ्यांत खाली त्यांनी उघडलेला शेवटचा पेपर होता. अग्रलेखात शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, समासात 'कशावरून?' लिहिलेलं होतं दोन ठिकाणी, आणि तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर रेघ थांबली होती. पुढचा समास कोरा...

"पेपरवाल्याला सांगायचं राहिलंय," सुनंदा म्हणाली. "उद्या बंद करते."

"एवढा महिना राहू दे," म्हटलं. ती चहा ठेवायला आत गेली. मी खुर्ची खिडकीकडं ओढली, चष्मा पुसला, आणि वरच्या दोन पेपरांपैकी मला न पटणारा कुठला, ते बघू लागले.